डायनॅमोची स्मृती : जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते, याचा इतिहास

१/ पावसाळाभर शेडमध्ये उभा राहिलेला जुना ट्रॅक्टर दिवाळीच्या सुमारास बाहेर काढला जातो. सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते. ती चार्ज करून आणतात, ट्रॅक्टर सुरू होतो आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. मग नवी बॅटरी येते. पंधरा दिवसांत तीही उतरते. अखेर निर्णय होतो : डायनॅमो गेला, काढून टाका.

२/ काही वेळा हा निर्णय साफ चुकीचा असतो. तो डायनॅमो जळालेला नसतो, झिजलेलाही नसतो. त्याच्यातले थोडेसे चुंबकत्व तेवढे नाहीसे झालेले असते. ते परत देण्यास एक तार आणि एक सेकंद पुरतो. एवढ्याने काम का भागते, याचे उत्तर १८६६-६७ सालच्या एका शोधात आहे.

३/ जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंग व्यवस्थेत मुख्य घटक चार : बॅटरी, डायनॅमो, कटआउट आणि रेग्युलेटर. यांतील प्रत्येक घटक कोणत्या ना कोणत्या जुन्या अडचणीवरचा तोडगा म्हणून जन्माला आला. ती अडचण कोणती होती हे एकदा उमगले, की दोष कुठे शोधायचा हे वेगळे पाठ करावे लागत नाही. म्हणून या थ्रेडमध्ये इतिहास आणि दुरुस्ती बरोबरीने चालतील.

४/ आरंभी ट्रॅक्टरवर बॅटरी नव्हतीच. हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन १९१७ पासून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. त्याच्या ठिणगीसाठी लागणारी वीज फ्लायव्हीलवर बसवलेल्या चुंबकांतून मिळे आणि इंजिन सुरू करायचे ते हँडल मारून. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडण्याची भीती असे.

५/ जर्मनीत १९२१ मध्ये आलेल्या लान्झ बुलडॉगची तऱ्हा आणखी निराळी. आधी ज्योतीच्या दिव्याने इंजिनाचे डोके तापवायचे, मग स्टिअरिंगचे चाक दांड्यासकट उपसून काढायचे, ते फ्लायव्हीलमध्ये खोचायचे आणि इंजिनाला झोका द्यायचा. ट्रॅक्टर सुरू करणे हे त्या काळी अंगमेहनतीचे आणि जोखमीचे काम होते.

६/ यातून सुटका करणारी कल्पना मोटारगाड्यांकडून आली. अमेरिकेतील डेटन येथील चार्ल्स केटरिंग यांनी पूर्वी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तो गल्ला उघडायला मोटरीला क्षणभरच जोर लावावा लागे. हेच तत्त्व त्यांनी इंजिनाला लावले. दिवसभर चालणारी अवजड मोटर नको. काही सेकंद प्रचंड जोर लावणारी लहान मोटर पुरे.

७/ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर ही व्यवस्था आली. इंजिन सुरू झाल्यावर तेच यंत्र उलट दिशेचे काम करी, म्हणजे वीज निर्माण करून बॅटरी भरी. या साधनाला इंग्रजीत ‘सेल्फ-स्टार्टर’ असे नाव पडले. मराठी शेतकरी आजही ‘सेल्फ मारतो’ तो याच नावाचा पूर्वार्ध घेऊन. उत्तरार्ध वाटेत गळाला.

८/ डिझेल ट्रॅक्टरला सेल्फची गरज अधिक. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा पटींहून अधिक दाबली जाते आणि त्या दाबाच्या उष्णतेने इंधन पेटते. एवढा दाब देत इंजिन फिरवण्यास सेल्फला काहीशे अ‍ॅम्पिअर लागतात. ४०० अ‍ॅम्पिअर आणि पाच सेकंद धरले, तर एका सुरुवातीस साधारण अर्धा अ‍ॅम्पिअर-तास खर्ची पडतो.

९/ हा खर्च भरून काढण्यास दहा अ‍ॅम्पिअरचा चार्ज चार-पाच मिनिटे मिळाला तरी चालते. हिशोब असा सोपा आहे. म्हणजेच, रोज तासन्‌तास चालणाऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरत असेल तर दोन शक्यता उरतात : बॅटरी वीज धरून ठेवत नाही, किंवा तिच्यापर्यंत वीज पोहोचतच नाही. निदानाचा पहिला फाटा इथे फुटतो.

१०/ डिझेल इंजिनाची आणखी एक खोड ध्यानात घ्यावी लागते. एकदा सुरू झाले की जुन्या डिझेल इंजिनाला विजेची गरज उरत नाही. पेट्रोलच्या गाडीत चार्जिंग बंद पडले तर काही वेळाने ठिणगी मंदावते आणि गाडी थांबते. डिझेल ट्रॅक्टर मात्र चार्जिंग मेलेले असताना दिवसभर नांगरट करतो. दोष लपून राहतो आणि सकाळी सगळा ठपका बॅटरीवर येतो.

११/ म्हणूनच खेड्यापाड्यांत ट्रॅक्टर उतारावर उभा करण्याची रीत पडली. सकाळी ब्रेक सोडायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. काम भागते, पण रात्री भागत नाही. ४० वॅटचे दोन दिवे धरले तर सुमारे सात अ‍ॅम्पिअर लागतात. ८० अ‍ॅम्पिअर-तासांची भरलेली बॅटरी ते दहा-बारा तास पुरवील. अर्धमेली बॅटरी थोड्याच वेळात हात टेकते.

१२/ उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या मागे घेऊन रात्रीच्या रस्त्याने कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरचे दिवे मंदावले, तर ती गैरसोय राहत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाशी ती गाठ असते. डायनॅमोकडे लक्ष द्यायचे ते केवळ बॅटरीचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे.

१३/ आता घटक एकेक घेऊ. पहिला मान बॅटरीचा. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा घट तयार केला. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन त्याची क्षमता वाढवली. ट्रॅक्टरवरची बॅटरी मूळ तत्त्वाने आजही तीच आहे.

१४/ बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. हायड्रोमीटरने प्रत्येक घटाचे आम्ल तपासावे. पाच घट १.२६ च्या आसपास आणि एकच खूप खाली असेल, तर बॅटरीच खराब. सहाही सारखेच खाली असतील, तर ती केवळ उपाशी आहे.

१५/ ‘खराब’ आणि ‘उपाशी’ यांतला हा फरक न पाहिल्यामुळे चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात. उपाशी बॅटरीच्या जागी नवी आणली तरी तिलाही खायला मिळत नाही. त्यातच शिसे-आम्लाची बॅटरी फार काळ उतरलेली राहिली तर पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर धरतात आणि ती खरोखरच निकामी होते. चुकीचे निदान असे पुढे स्वतःला खरे ठरवून घेते.

१६/ बॅटरीनंतर पट्टा. डायनॅमोला इंजिनाकडून मिळणारी सारी गती फॅन बेल्टमधून येते. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण अर्धा ते पाऊण इंच दबावा. त्याहून सैल असेल तर तो पुलीवर घसरतो. फार ताणलेला असेल तर डायनॅमोचे बुश आणि बेअरिंग खातो. ही तपासणी फुकट आहे आणि बहुधा म्हणूनच ती राहून जाते.

१७/ पट्टा ठीक असेल तर प्रश्न डायनॅमोपाशी येतो. १८३१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांना आढळले, की तारेच्या वेटोळ्यापाशी चुंबक हलवला असता तारेत वीज वाहू लागते. चुंबक स्थिर असेल तर काही घडत नाही. ‘हालचाल हवी’ हा जो दाखला फॅरडे यांनी दिला, तोच ट्रॅक्टरवर पट्ट्याच्या रूपाने दिसतो.

१८/ पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इपोलित पिक्सी यांनी हाताने फिरवायचे वीजयंत्र तयार केले. पण त्यातून निघणारी वीज अर्ध्या फेऱ्यागणिक दिशा बदलत होती. आंद्रे-मारी अँपिअर यांच्या सूचनेवरून पिक्सी यांनी त्याला दिशापालटाची कळ बसवली. वीज उलटू लागली की जोडणीही उलटायची, म्हणजे बाहेर पडणारा प्रवाह एकाच दिशेचा राहतो. हाच कॉम्युटेटर.

१९/ ट्रॅक्टरच्या डायनॅमोचे मागचे झाकण काढले, की तांब्याच्या पट्ट्यांचे हे कडे आणि त्यावर टेकलेले दोन कार्बन ब्रश दिसतात. सर्वांत जास्त झीज इथे होते. ब्रश आखूड झाले, स्प्रिंग ढिली पडली किंवा कड्यावर तेलकट काजळी बसली की वीज बाहेर पडत नाही. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने कडे पुसावे. फारच खराब असेल तर काचेचा बारीक पॉलिश पेपर वापरावा, एमरी नको.

२०/ आता मूळ शोधाकडे. पिक्सींच्या आणि नंतरच्या यंत्रांत कायमचे चुंबक असत. ते जड, महाग आणि तुलनेने दुबळे होते. विद्युतचुंबक कितीतरी बलवान. पण त्याला चेतवण्यास आधी वीज हवी. वीज निर्माण करण्यासाठीच वीज लागते, या पेचात वीजनिर्मिती काही दशके अडकून पडली होती.

२१/ सुटका एकाच सुमारास अनेकांना सापडली. इंग्लंडमध्ये सॅम्युअल आल्फ्रेड व्हार्ली यांनी डिसेंबर १८६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. जानेवारी १८६७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांचा निबंध बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला गेला. फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल सोसायटीत एकाच बैठकीत विल्यम सीमेन्स आणि चार्ल्स व्हीटस्टन या दोघांनीही हेच तत्त्व मांडले.

२२/ तत्त्व असे : लोखंड एकदा चुंबकित झाले की प्रवाह थांबल्यावरही त्यात किंचित चुंबकत्व मागे राहते. त्या अवशिष्ट चुंबकत्वात वेटोळे फिरवले की किंचित वीज निर्माण होते. ती वीज त्याच लोखंडावरच्या फील्ड कॉइलमध्ये सोडली की चुंबक थोडा बळावतो, वीज वाढते, चुंबक आणखी बळावतो. काही क्षणांत यंत्र स्वतःच्याच जोरावर पूर्ण ताकदीला पोहोचते. बाहेरच्या विजेची गरजच उरत नाही.

२३/ ‘डायनॅमो’ हे नाव याच शोधातून रूढ झाले. जुन्या ट्रॅक्टरवरचे ते पंचपात्राएवढे नळकांडे दररोज सकाळी १८६७ चा हा प्रयोग पुन्हा करते. त्याचा सारा आरंभ लोखंडात शिल्लक राहिलेल्या त्या किंचित आठवणीवर अवलंबून असतो. फार दिवस न फिरणे, आघात, उलटी जोडणी किंवा उघडून केलेली दुरुस्ती यांमुळे ती आठवण पुसली जाऊ शकते.

२४/ बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या डायनॅमोंची तपासणी या तत्त्वावरच आधारलेली आहे. डायनॅमोवरच्या डी आणि एफ या दोन्ही टोकांच्या तारा काढायच्या, ती दोन टोके छोट्या तारेने एकमेकांना जोडायची आणि तिथून डायनॅमोच्या अंगापर्यंत व्होल्टमीटर लावायचा. इंजिन मंद गतीवर ठेवून हळूहळू वाढवायचे. काटा न अडखळता चढत गेला तर डायनॅमो निरोगी. वीस व्होल्टच्या वर मात्र जाऊ देऊ नये.

२५/ काटा जिथे थांबतो त्यावरून आजार कळतो. मुळीच न हलल्यास ब्रश पाहावेत. अर्धा ते एक व्होल्टवर थांबल्यास फील्ड कॉइलमध्ये दोष असण्याचा संभव. चार-पाच व्होल्टवर अडल्यास आर्मेचरवर संशय घ्यावा. यांतला अर्धा व्होल्ट लक्षात घेण्यासारखा आहे : यंत्र स्वतःला चेतवू शकत नाही, ती केवळ अवशिष्ट चुंबकत्वाची वीज असते.

२६/ काटा जागचा हलला नाही आणि ब्रशही चांगले असतील, तर यंत्राला टाकाऊ ठरवण्यापूर्वी त्याची आठवण जागी करून पाहावी. एफ टोकाची तार काढायची. बॅटरीचे जे टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेले नाही, तिथून एक तार आणायची आणि डायनॅमोच्या एफ टोकाला क्षणभर टेकवायची, तीही दोन-तीनदाच. लहानशी ठिणगी पडते. लोखंड पुन्हा चुंबकित होते.

२७/ ठिणगी डायनॅमोपाशी पडावी, बॅटरीपाशी कदापि नव्हे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो स्फोटक असतो. आणखी एक सावधगिरी : ही रीत ज्यांच्या फील्ड कॉइलचे एक टोक आतच अंगाला जोडलेले असते अशा लुकास धाटणीच्या डायनॅमोंची आहे. अमेरिकी बनावटीच्या अनेक डायनॅमोंत जोडणी उलट असते आणि तिथे ही रीत रेग्युलेटर जाळू शकते.

२८/ यापुढची अडचण कटआउटने सोडवली. बेल्जियममध्ये जन्मलेले झेनोब ग्राम यांचा डायनॅमो १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मांडला होता. एका डायनॅमोची वीज दुसऱ्याला दिली असता दुसरा मोटरीसारखा फिरू लागतो, हे तिथे जगाला दिसले. डायनॅमो आणि मोटर ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, याची ती जाहीर प्रचीती होती.

२९/ हीच प्रचीती ट्रॅक्टरवर संकट ठरते. इंजिन बंद झाले की डायनॅमोचा दाब शून्यावर येतो. बॅटरीचा मात्र बारा व्होल्ट असतो. दोघे जोडलेलेच राहिले तर बॅटरी डायनॅमोला मोटरीसारखे फिरवू पाहील आणि रात्रभरात रिकामी होईल. म्हणून मध्ये एक राखणदार हवा. डायनॅमोचा दाब सुमारे तेरा व्होल्टवर गेला की दार उघडणारा आणि प्रवाह उलटला की लावणारा हा राखणदार म्हणजे कटआउट.

३०/ कटआउटचे दोष दोन प्रकारचे. त्याचे पॉइंट जुळलेच नाहीत तर डायनॅमो उत्तम असूनही बॅटरी उपाशी राहते. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले तर इंजिन बंद केल्यावरही अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकलेला राहतो आणि डायनॅमो हाताला गरम लागतो. तसे दिसताच बॅटरीची तार आधी काढावी. नाहीतर तारा जळतात.

३१/ व्हिएन्नाचा धडा तपासणीलाही कामी येतो. पट्टा काढून, डी आणि एफ जोडून, बॅटरीचा प्रवाह दिला तर निरोगी डायनॅमो मोटरीसारखा संथ आणि एकसारखा फिरतो. अडखळत फिरला किंवा हाताने ढकलल्याशिवाय हललाच नाही, तर ब्रश, कडे किंवा आर्मेचर यांत दोष आहे. व्होल्टमीटर नसलेल्या मिस्त्रीलाही ही परीक्षा घेता येते.

३२/ चौथा घटक रेग्युलेटर. कारखान्यातला डायनॅमो ठरावीक गतीने फिरतो. ट्रॅक्टरचे इंजिन कधी बांधावर मंद धडधडते, कधी पूर्ण वेगाने पळते. गती वाढली की डायनॅमोचा दाब वाढतो, आणि आवर घातला नाही तर बॅटरीचे आम्ल उकळते, दिवे फुटतात. आरंभी यावर तिसऱ्या ब्रशचा उपाय योजला गेला. १९३९ मध्ये आलेल्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर असाच तीन ब्रशांचा डायनॅमो होता.

३३/ तिसरा ब्रश प्रवाहाला आवर घाली. पण बॅटरी भरलेली आहे की रिकामी, हे त्याला कळत नसे. ती उणीव कंप पावणाऱ्या पॉइंटांच्या रेग्युलेटरने भरून काढली. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की पॉइंट उघडून फील्डच्या वाटेत एक रोध आणतात. दाब उतरला की पुन्हा मिटतात. हा खेळ सेकंदात अनेक वेळा चालतो. लुकासने १९३० च्या दशकात अशी नियंत्रणपेटी गाड्यांवर आणली.

३४/ डायनॅमोची परीक्षा उत्तम, तरी बॅटरीला चार्ज नाही, अशा वेळी दोष या पेटीत किंवा तिथवरच्या तारांत असतो. तारा पुन्हा जोडून तीच परीक्षा पेटीकडच्या टोकांवर घ्यावी. तिथे वीज पोहोचत असेल तर पेटी उघडून काळवंडलेले पॉइंट साफ करावेत. स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नये; मीटरशिवाय केलेली जुळणी बॅटरीला उपाशी तरी ठेवते नाहीतर उकळते तरी.

३५/ या चौघांखेरीज एक पाचवा घटक असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. वीज एका तारेने जाते आणि ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगातून परत येते. चिखल, गंज आणि नव्या रंगाचा थर ही परतीची वाट अडवतात. हौसेने रंगवून घेतलेल्या ट्रॅक्टरचे चार्जिंग रंगानंतर बंद पडते, ते यामुळे. डायनॅमो, पेटी आणि बॅटरी यांचे अर्थ घासून चकचकीत करावेत, मगच सुट्या भागांचा खर्च करावा.

३६/ अंगाला बॅटरीचे कोणते टोक जोडायचे, यालाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश ट्रॅक्टरांत धन टोक अंगाला असे. त्यामुळे तारा आणि जोडण्या कमी गंजतात, असा त्या काळचा समज होता. कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेला फर्ग्युसनचा टीई-२० याच परंपरेतला. पुढे सर्वत्र ऋण टोक अंगाला जोडण्याची पद्धत रुळली.

३७/ भारतात हा वारसा १९६० च्या आगेमागे आला. १९५९ मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६० मध्ये मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे स्थापन झाली. १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली आणि बी-२७५ हे मूळचे ब्रिटिश घडणीचे मॉडेल महाराष्ट्राच्या मातीत उतरले.

३८/ १९६१ मध्ये लुकास आणि टीव्हीएस यांची भागीदारी होऊन डायनॅमो-सेल्फसारखी वाहनांची विद्युत सामग्री भारतातच तयार होऊ लागली. ट्रॅक्टर आला, त्याचे भाग आले. पण धन-ऋणाच्या दोन परंपराही त्यांच्याबरोबर आल्या. वायरिंगचा जुना तक्ता हरवलेला असतो आणि बॅटरी बदलणारा मनुष्य सवयीने ऋण टोक अंगाला जोडतो. गफलत इथे होते.

३९/ धन-अर्थाच्या ट्रॅक्टरवर बॅटरी उलटी बसवली, तर डायनॅमोची आठवण जुन्याच दिशेची राहते. कटआउट मिटताच डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांविरुद्ध उभे राहण्याऐवजी एकमेकांत भर घालतात आणि पॉइंट जळतात. दिशा बदलायचीच असेल तर बॅटरी फिरवल्यावर डायनॅमोलाही एफ टोकावरून नवी दिशा शिकवणे आणि अ‍ॅम्पिअर मीटरच्या तारा अदलाबदल करणे भाग आहे.

४०/ डायनॅमोचे राज्य सिलिकॉनच्या डायोडने संपवले. १९६० च्या क्राइस्लर व्हॅलियंट गाडीवर अल्टरनेटर आला आणि पुढच्या दशकांत तो ट्रॅक्टरांवरही स्थिरावला. पिक्सींचा कॉम्युटेटर आणि कटआउटचा राखणदार, या दोघांचेही काम डायोड एकटा करतो; तो प्रवाहाला उलट जाऊच देत नाही. अल्टरनेटर मंद गतीलाही भरपूर चार्ज देतो. रात्री काम करणाऱ्या ट्रॅक्टरवर तो बसवणे शहाणपणाचेच आहे.

४१/ तोही आंधळेपणाने बसवू नये. ऋण-अर्थाचा अल्टरनेटर धन-अर्थाच्या ट्रॅक्टरवर लावला तर डायोड बॅटरीला सरळ वाट करून देतात आणि क्षणात जळतात. जुनी नियंत्रणपेटीही वाटेतून काढावी लागते. नव्या यंत्राला जुन्या अंगावर नांदवायचे, तर ते अंग कोणत्या काळात आणि कोणत्या रीतीने घडले हे ठाऊक असावे लागते.

४२/ तपासणीचा क्रम थोडक्यात : बॅटरी खराब आहे की उपाशी, पट्टा ताठ आहे का, अर्थ आणि जोडण्या स्वच्छ आहेत का, ब्रश आणि कडे कसे आहेत, डी-एफ जोडून काटा कुठवर चढतो, काटा हललाच नाही तर आठवण जागी करून पाहिली का, आणि सर्वांत शेवटी कटआउट व रेग्युलेटर. पैशाचा खर्च या यादीत तळाकडे वाढत जातो.

४३/ ही रीत जाणणारे जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आता थोडे उरले आहेत. त्यांनी सीमेन्स किंवा व्हीटस्टन यांची नावे ऐकली असतील वा नसतील. एफ टोकाला तार टेकवण्याची कृती मात्र त्यांच्या हातांत उतरलेली आहे. अशी कृती कागदावर क्वचितच नोंदली जाते. ती हातातून हातात जाते आणि एखाद्या पिढीत घेणारा हात नसला, की संपते.

४४/ तेव्हा दिवाळीनंतर शेडमधला ट्रॅक्टर ‘टक्’ करून गप्प बसला, तर डायनॅमो भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी तार एफ टोकाला एकदा टेकवून पाहावी. इंजिन सुरू करून गती वाढवावी आणि अ‍ॅम्पिअर मीटरकडे लक्ष ठेवावे. काटा चार्जच्या बाजूला सरकला, तर यंत्र मेलेले नव्हते. (समाप्त)